आखरावरचं इंजिन

२ डिसेंबर
इंजिन आज सुरू झालं. म्हणजे खोकललं, थुंकलं आणि बसलं. पुढारी भाषणाला उभा राहतो तसं. मुळात हे झाड कापायच्या मशीनचं. साखळी काढून पुढं माझ्या रिमोटवरच्या छोट्या विमानाचा पंखा लावलाय. कार्बोरेटरला दोन स्क्रू : एल हळू चालीचा, एच फुल रेसचा. दोन्ही आधीच्या मालकानं नासवलेले.
सुधा म्हणते, पन्नाशीत लोक गुडघ्यांना जपतात. बायकोला काय उत्तर द्यायचं?

५ डिसें.
आखरावर गेलो. गावची गुरं सकाळी इथं जमतात, ती रानात गेली की मोकळं मैदान, पलीकडं लगेच जंगल. विमानाची शेपटी खुंटीला बांधून फुल रेस दिली, तर जंगलातून बायका काठ्या घेऊन धावत आल्या. गस्तीवाल्या. जंगल ग्रामसभा राखते. गस्तीची काठी ज्याच्या दारात उभी, त्या घरची पाळी. पुढं शेवंताबाई. यांना वाटलं, कुणी सागवान कापून राह्यलं. विमानाभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "भाऊ, हे कापत बी नाई, उडत बी नाई. मंग करते काय?"
पेपरात इतकी वर्षं विनोदी सदर लिहितोय. त्याबद्दल कुणी इतकं नेमकं विचारलं नाही.

९ डिसें.
कार्बोरेटरमधला पातळ पडदा हल्लीच्या पेट्रोलनं ताठला होता. बदलला. एल जमला, एच नाही. जरा उघडला की इंजिन गुळण्या करतं. आवळला की सुरेल किंचाळतं, तापतं, बंद. मधली जागा केसाएवढी.
गस्तीवाल्या आजही आल्या, पण चालत. शे.बाईंनी लांबूनच काठी हलवली आणि मागं फिरल्या.

१४ डिसें.
आज कुणीच आलं नाही. बरं वाटलं. गुराखी दुसऱ्याला सांगत होता, "भाऊचा मशीन होय, चाल."
विमानाचं नाक वर धरून फुल रेस. दम सोडला नाही! रिकाम्या इंजिनाचा आवाज खोटा असतो. ओझं आल्यावर काय बोलतं ते ऐकायचं. (सदरात वापरता येईल. नको.)

१९ डिसें.
ब्रह्मपुरी. सुधाच्या भाचीचं लग्न. दुसरं काही नाही.

२१ डिसें.
परतलो तर ओसरीवर शे.बाई बसलेल्या. काल दुपारी आखराच्या वरच्या अंगाला दोन सागवान गेले. जुने, त्यांच्या सासऱ्यानं राखलेले. मशीन सगळ्या गावानं ऐकलं. उठलं कुणीच नाही.
"आमाले वाटलं, तुमीच हाव."
मी सांगितलं, मी तर ब्रह्मपुरीला होतो.
"तेच त सांगून राह्यली. तुमी नोहोते."
आवाज चढवला नाही. चहाही घेतला नाही.

२२ डिसें.
बुंधे पाहून आलो. काप गुळगुळीत, अजून ओला. माझ्या इंजिनाचा उपयोग गावाला कळला नव्हता, चोरांना कळला. जंगल राखणारं गाव कानावर जगतं. तो कान मी रोज, स्क्रू ड्रायव्हरनं, थोडा थोडा…

२४ डिसें.
ग्रामसभा. इंजिन बंद करा म्हणतील, म्हणून माफीचं घोटीव वाक्य घेऊन गेलो. कुणी मागितलंच नाही. शे.बाई म्हणाल्या, "विमानाचं मंग पाहू. पयले आमाले दोनी आवाजातला फरक सांगा."
पंख्याचं ओझं सारखं, म्हणून आवाज सरळ जातो. साखळी लाकडात घुसली की दबतो, मोकळी झाली की उसळतो. शब्दांनी जमेना, तोंडानं काढून दाखवला. बायका हसल्या. मागचे म्हातारे म्हणाले, पुन्हा करा. केला. इतक्या लक्षपूर्वक माझं भाषण कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्यात शब्द एकही नव्हता.

२९ डिसें.
सकाळी दारात काठी. पाळी आमची. कुणी सांगितलं नाही, विचारलं नाही. कार्बोरेटर टेबलावर उघडा पडलेला.
दुपारी वरच्या अंगाला आवाज. दबतो, उसळतो. शे.बाईंचा फोन, "भाऊ, तुमीच हाव का?"
"नाही."
"मंग निंगा. आमी बी येतो."
सुधा काठी घेऊन माझ्याआधी फाटकाबाहेर. चढावर ऐकत होतो : मोकळा झाला की नुसता किंचाळतोय. एच फार आवळलाय त्यानं, असाच चालवला तर इंजिन धरणार, तापून जागीच जाम होणार. मग मध्येच बंद. धरलं, की आमची चाहूल लागली, कळायला मार्ग नाही. वाटेत येऊन मिळालेल्या शे.बाई आणि बायका सगळ्या माझ्या तोंडाकडं पाहत उभ्या. मलाही पाचोळ्याशिवाय काही ऐकू आलं नाही.
पोचलो तर माणूस नाही. सागवान उभा. अर्ध्यापर्यंत काप, खाली भुसा, जळक्या तेलाचा वास. शे.बाईंनी कापात बोटं घातली, बराच वेळ ठेवली. मग मला विचारलं, "जगंल का, भाऊ?"
इंजिनाचं विचारलं असतं तर सांगितलं असतं.
काठी उद्या पुढच्या घरी द्यायची. सुधा म्हणते, एक दिवस आणखी ठेवू.