तीनशेच्या वर

११ जानेवारी २००६, बुधवार. फुलसावंगी

आज प्रातःकाळी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मी स्वहस्ते स्वतःचे रक्त काढले! चिरंजीव बादल यांनी पुण्याहून साखर मोजण्याचे यंत्र धाडले आहे. आकाराने साबणाच्या वडीएवढे, अधिकाराने मुख्याध्यापकांएवढे. बोटास टोचावे, थेंब पट्टीस पाजावा आणि निकालाची प्रतीक्षा करावी. निकाल — २१८. इतकी वर्षे संस्कृत शिकवतो आहे. शंभरापैकी इतके गुण मी कोणासही दिले नाहीत.

टोचण्यापूर्वी बोट स्वच्छ करावे, असे सूचनापत्र म्हणते. त्याची चिंता नाही. धाकटा बंधू फुलचंद याचा सबंध हंगामाचा कापूस माझ्या माजघरात आढ्यापर्यंत रचला आहे. भाव नाही, खरेदी केंद्राचे कुलूप निघत नाही, आणि त्याच्या घरात पाय ठेवावयास जागा नाही. सौभाग्यवती सुखीच्या खाटेची जागाही कापसाने गिळली. ती दिवाळीनंतर नातवाच्या सेवेस पुण्याला गेली, ती गेलीच. खाट अंगणात उभी आहे, शिक्षा केलेल्या विद्यार्थ्यासारखी.

चहापूर्वीच तिचा दूरध्वनी.

— किती आली?

— दोनशे अठरा.

— माय वं! काल भात हाणला असन!

— किंचित् ओदन भक्षिले.

— ते भक्षिले-बिक्षिले शाळेत सांगा. तीनशेच्या वर गेली ना, तं पोराले त्याच्या मायपाशी टाकून निंगून येईन मी. सांगून ठेवते!

ही धमकी होती. दिवसभर मी ती आमंत्रणपत्रिकेसारखी खिशात बाळगली.

१२ जानेवारी, गुरुवार

महागावच्या डॉक्टरांची आज्ञा: ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, चून म्हणजे पिठले. भात निषिद्ध, साखर निषिद्ध, बटाटा संशयित. बिनसाखरेचा चहा प्राशन केला — म्हणजे गरम निराशा.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत

शाळेत तिळगुळाचा महोत्सव. ‘गोड बोला’ असे सर्वांनी बजावले. ते काम मी नित्य करतोच, मानधनाविना. गणिताचे बाबाराव लाडू घेऊन थेट नाकासमोर —

— घ्या ना सर! एका लाडवानं काय मरून राह्यले का तुमी?

नाकारला! भीष्मप्रतिज्ञा! सायंकाळी १६४. मोठ्या दिमाखाने पुण्यास कळवले.

— आता कसं! जीव हलका झाला माहा.

— मग केव्हा येतेस?

— आता कायले येऊ? सुधरून तं राह्यली तुमची तब्येत.

दूरध्वनी ठेवल्यावर सिद्धान्त ध्यानी आला. संयम जितका कडक, विरह तितका लांब. हे गणित बाबारावांस सुटणार नाही.

१७ जानेवारी, मंगळवार

१३८. कोणास सांगू नये असे यश. तरी सांगितले.

— बोटाच्या मधात नोका टोचू. कडेले टोचा, दुखत नाई तिथं.

सौभाग्यवतीस हे शस्त्रज्ञान कोठून प्राप्त झाले? सूनबाई संगणकावर वाचून सांगत असाव्यात.

भाकरी स्वतः थापली. तिची थापताना बांगड्या वाजतात. माझी मुकाट्याने तुटते. निजताना भिंतीकडे हात गेला, तो कापसात रुतला. मऊ आहे, ऊबही आहे. पण कापूस भांडत नाही. ‘सरका तिकडं’ म्हणत नाही.

२० जानेवारी, शुक्रवार

तीनशे म्हणजे साधारण किती लाडू? केवळ शास्त्रीय जिज्ञासा.

२२ जानेवारी, रविवार

बंजारा तांड्यातील देवीलालच्या मुलीचा आज गोळ. वरपक्षाने आणलेला गूळ पंचांसमक्ष फोडून सर्वांस वाटला की सोयरीक पक्की. मग ती ब्रह्मदेवासही मोडता येत नाही. ढेप फोडण्याचा मान तांड्याच्या नायकांनी मला दिला. मी संकोचलो.

— गुर्जी, तुमीच फोडा! तुमी खात नाई, म्हून गूळ साऱ्यायले पुरन!

सारा तांडा हसला. मीही. फोडला, मुठीमुठीने वाटला, मनगटापर्यंत चिकट झालो. पण एक कणही मुखात नाही! तांड्यातल्या लालीबाईने खिजवले, ‘सुखी पाहून नाई राह्यली, खा ना भाऊ!’ — तरीही नाही. सुखी पाहत नव्हती, हेच तर दुःख होते.

घरी येऊन माजघरातला मूठभर कापूस ओढला, हात खसाखसा पुसले, टोचले.

३८६!

चष्मा पुसून पाहिले. ३८६च. भ्यालो. आणि त्या भीतीच्या तळाशी एक निर्लज्ज हर्ष — ही संख्या तीनशेच्या वर आहे!

दूरध्वनी केला. आकडा सांगितला.

— देवीलालच्या घरचा गोळ आजच होता ना?

— होता. पण मी कण खाल्ला नाही, तुझी शपथ!

ती म्हणाली, ‘निंगते मी. रातच्या गाडीनं.’

दिवे लावताना पाहतो, तो यंत्राभोवती मुंग्यांची मिरवणूक. दोघी तर माझ्या तर्जनीवर चढल्या! बोट चाटून पाहिले. गूळ. कोरड्या कापसाने पुसून गूळ जातो होय? धन्य ते पांडित्य! साबणाने हात धुतले, पुन्हा टोचले. १३१.

गाडी सुटण्यास अवकाश होता. दूरध्वनी समोरच होता. मी त्याच्याकडे पाहत बसलो. तोही माझ्याकडे.

२३ जानेवारी, सोमवार

आली! वाळली आहे. म्हणते, प्रवासानं. माजघरात पाऊल टाकताच —

— माह्या जागी हे कोण आणून बसवलं?

किती दिवसांनी घरात ओरडा झाला! फुलचंद धावत आला, दोघांनी कापूस ढकलून खाटेपुरती जागा काढली. दुपारी बांगड्या वाजल्या. भाकरी फुगली. मला घास उतरेना. म्हणालो, ‘सुखी, एक सांगायचे आहे. काल पुन्हा तपासले, तेव्हा एकशे एकतीस होती. बोटास गूळ होता. तुला कळवले नाही.’

तव्यावरून नजर न काढता म्हणाली —

— मले फोनवरच समजलं. गूळ वाटलेल्या हातानं टोचलं असन या पंडितानं. तिथल्या डाक्टरनं बी पह्यले हातच धुवाले लावले होते.

— मग आलीस कशाला?

— यायचंच होतं मले. जेवा, गार होऊन राह्यली.

आनंदात दुसरी भाकरीही खाल्ली. तिथल्या डॉक्टरांनी हात कोणाचे धुवायला लावले, हे विचारायचे राहूनच गेले.

२४ जानेवारी, मंगळवार

चहापूर्वी यंत्र काढले. माझे बोट पुढे करणार, तो तिने आपलेच पुढे केले. सगळ्या बोटांच्या कडांना टोचल्याचे काळे ठिपके. ३४२.

मी म्हणालो, प्रवासात काही गोड हाती लागले असेल. तिला मोरीवर नेले, साबण लावून एकेक बोट मी स्वतः धुतले. टोचले. ३३९.

पुन्हा धुतले.