भट्टीत भाजलेला पाइप

शिरूर,
डिसेंबर २००३

प्रिय इरशाद,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन केला की तू ‘बरंय ना सगळं? ठेवतो’ म्हणतोस आणि ठेवतोसही. कागद तसा मधेच ठेवता येत नाही, म्हणून लिहितेय. दौंडहून पंधरा दिवस माहेरी आलेय. अम्मीचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र पूर्वीसारखंच चालतं. बेकरीत अब्बा आणि कारागीर म्हस्कूमामा, दोघंच. तुझी जागा अजून कुणाला दिलेली नाही.

गेल्या आठवड्यात खुटबावचे पोपटराव आप्पा येऊन गेले, त्याच टर्बोच्या जीपमधून. पहिल्यांदा ती गाडी दुरुस्तीला तुझ्याकडं आणली तेव्हा पायातली चप्पल काढून दाखवत होते, आठवतंय? इंजिनाला जोर देणाऱ्या त्या टर्बोचा धुराचा पाइप असा तापायचा की पायाखालचा पत्रा तव्यासारखा व्हायचा आणि चपलेचा रबर मऊ पडायचा. कुरकुंभच्या कंपनीत वाफेच्या पाइपांना काचेच्या धाग्यांची पट्टी गुंडाळतात, ती तू कुणाकडून तरी मिळवलीस आणि अंगणात बसून आप्पांच्या पाइपाला गुंडाळलीस. तिची कुसं तुझ्या कपड्यांतून सगळ्या घराच्या अंगाला लागली. अम्मी खाजवता खाजवता तुझ्या टर्बोचा उद्धार करायची. उन्हाळाभर पट्टीनं काम केलं, पावसाळ्यात तिनं ओल धरली आणि आतला पाइप गंजून गेला. पण तुला हार मानायला कुठं येतं? नवा पाइप घासून चकचकीत केलास आणि पुण्याहून आच सोसणाऱ्या रंगाचा डबा आणलास, पाइपाची आग पाइपातच राहावी म्हणून. तो रंग लावल्यावर पाइप मंद आचेवर भाजावा लागतो, हे तू मला किती कौतुकानं सांगितलं होतंस.

आता मंद आच म्हटल्यावर बेकरीवाल्याच्या पोराला दुसरं काय सुचणार? पाव निघाले की भट्टी उतरत्या आचेवर असते, तेव्हा आपण टोस्ट लावतो. तू टोस्टऐवजी पाइप लावलास. दुसऱ्या दिवशी नेमका बाजार, आणि सगळ्या गावानं रंगाचा वास मारणारा पाव चहात बुडवला. लोक पाव परत घेऊन दारात उभे. भट्टीच्या विटांनी वास धरला तो कितीतरी दिवस गेला नाही. अब्बांनी गिऱ्हाइकांसमोर तुला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही, तुला पाठ असेल. तू उलट एक शब्द बोलला नाहीस, आणि तेच वाईट झालं. भांडला असतास तर संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. पण खाण तशी माती. तू घर सोडून कारेगावला गेलास, मग त्यांनी ये म्हटलं नाही, तू येतो म्हटलं नाहीस. कारेगाव काय विलायतेत आहे? तिथं कंपनीत लागलास आणि आता गाडीला हातही लावत नाहीस म्हणे. त्याचं मला फार वाईट वाटतं रे. ग्रीसनं माखलेला, एकटाच बडबडणारा तू मला बरा वाटायचास.

आप्पा मुद्दाम सांगायला आले होते. पाइप अजून तसाच आहे, रंगाचा टवकाही उडाला नाही, अनवाणी गाडी चालवली तरी पाय भाजत नाही. शेखलाल, पोरगं लई गुणी हाय तुझं, अब्बांना म्हणाले. अब्बांनी त्यांना चहा दिला, खारी दिली आणि आत निघून गेले. मला वाटलं, सुंभ जळाला तरी पीळ काही जात नाही. अम्मीजवळ मी त्यांच्याबद्दल नाही नाही ते बोलले.

मग शुक्रवारी नमाजनंतर अब्बा जेवायलाच आले नाहीत. संध्याकाळी उगवले, मैदा बघायला गेलो होतो म्हणाले. आज सकाळी भट्टीपुढं आम्ही दोघंच होतो, तेव्हा माझ्याकडं न बघता त्यांनी खरं काय ते सांगितलं. ते तुझ्या कंपनीच्या गेटवर आले होते. पिशवीत तुझ्यासाठी खारी होती. पाळी सुटली, सगळ्यांचे कपडे एकसारखे, पण तुझी चाल त्यांनी लांबूनच ओळखली. तू कुणाशी तरी हसत त्यांच्या अगदी जवळून गेलास. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मनात आलं, चारचौघांत पोरानं तोंड फिरवलं तर? मीही त्याला चारचौघांतच बोललो होतो. तेवढ्यात तू बसमध्ये चढलास आणि बस गेली. ती खारी त्यांनी घरी आणली, आणि आम्ही काही माहीत नसताना चहाबरोबर खाऊन टाकली. हे तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातलीय. ती मोडून लिहितेय. पुन्हा गेटवर जायची हिंमत नाही म्हणतात. इरशाद, ते हाक मारणार नाहीत रे. तूच ये, आणि दारातूनच अब्बा म्हण.

तुझीच, भांडकुदळ आपा,
तहमीना