डावीकडचा टॅकल उशिरा का उठतो

पाइन इनलेट, मिशिगन
२१ सप्टेंबर १९८६

प्रिय मरीटा,

अनेक आशीर्वाद. तू आणि छोटी एल्सा खुशाल असाल, आणि बोटीवर जावईबापू पीटही. इथे थंडीची चाहूल लागली आहे. मी बरा आहे. कॅफेत लेम्पी रोज काहीतरी खाऊ घालते, त्यामुळे पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं.

तुझं पत्र मिळालं. तू पुन्हा तेच विचारलं आहेस, म्हणून मीही पुन्हा तेच लिहितो: तुझ्याकडे डुलुथला येऊन राहणं मला जमणार नाही. पीट जानेवारीपर्यंत बोटीवर, तुझी हॉस्पिटलातली रात्रपाळी नोव्हेंबरअखेर सुरू होणार, त्याच्या आत एल्साची सोय झाली नाही तर जागा दुसऱ्या नर्सला जाणार, हे सगळं मला समजतं. पण मी फुटबॉलच्या सीझनचं तिकीट काढून बसलोय. आणि आजच्या काळात सांभाळायला एखादी बाई मिळेलच की.

फोन का घेत नाही, असंही विचारलंस. फोनवर मला बोलायला सुचत नाही. तो नेहमी तुझी आईच घ्यायची.

तुला फुटबॉलचा कंटाळा आहे, तरी सांगतो, कारण सध्या गावात दुसरा विषय नाही. आपल्या कॉलेजचे टिंबरमेन तीनपैकी तीन सामने हरले. क्वार्टरबॅक पोरगा चांगला आहे, पण चेंडू फेकायला हात उचलायच्या आत कुणीतरी त्याला आडवा करतं. म्हणजे दोष त्याला राखणाऱ्या पुढच्या पाच जणांच्या फळीचा. लेम्पीच्या कॉफीच्या टेबलावर रोज सकाळी हीच चर्चा. कागदगिरणीतला माझा जुना सोबती नॉर्बर्ट म्हणतो, "ती फळी कसली, पाच दरवाजे आहेत. आणि पाचही उघडे."

मिल्ट, तुला गणित शिकवायचा तो, त्याचं म्हणणं एकट्या डॅरिलकडे बोट दाखवतं. डॅरिल ट्रेवेना म्हणजे डावीकडचा टॅकल, फळीच्या अगदी टोकाचा. क्वार्टरबॅकची पाठ त्याच्या भरवशावर. "तीनशे पौंडाचा पोरगा," मिल्ट म्हणाला, "जागचा हलेपर्यंत जेवणाची वेळ होते."

"त्याला ती खिम्याची पेस्टी देणं बंद कर, लेम्पी," नॉर्बर्ट म्हणाला.

"तुझी बंद करते आधी," लेम्पी म्हणाली. "तो पैसे तरी देतो."

मी काल सामनाभर फक्त डॅरिलकडे बघत बसलो. मला एक गंमत दिसली. तो संथ नाही. एकदा उठला की त्याचे पाय सुरेख चालतात. तो उशिरा उठतो. क्वार्टरबॅकची हाक होते, चेंडू निघतो, ओणवे बसलेले बाकी चौघे उठतात, आणि मग हा. एका पापणीएवढा उशीर, पण तेवढ्यात समोरचा त्याच्या खांद्याला वळसा घालून गेलेला असतो. संथ असणं आणि उशीर होणं यांत फरक आहे. मी तसं टेबलावर म्हणालो, पण नॉर्बर्ट काहीतरी बोलला आणि सगळे हसले. त्याने हल्ली मिशा इतक्या वाढवल्यात की तो काय बोलतो ते निम्मं कळत नाही.

एल्साचा फोटो पाठव.

तुझा,
बाबा


पाइन इनलेट
१२ ऑक्टोबर १९८६

प्रिय मरीटा,

आशीर्वाद. फोटो पोचला, तो फ्रिजवर लावला आहे. भुवया तुझ्या आईच्या. सोबत चिठ्ठी मात्र दोनच ओळींची होती. तू रागावली आहेस. रागवायला तुला कारण आहे, पण ते तुला वाटतं ते नाही. असो.

टिंबरमेनचं कोडं अजून वाढलं आहे. गेल्या आठवड्यात नॉर्बर्टबरोबर बसने विस्कॉन्सिनला सामना बघायला गेलो. परक्याचं मैदान, सगळं गाव आमच्या विरुद्ध बोंबलत होतं, भोंगे काय, पत्र्याचे डबे काय. आणि डॅरिल? पाचांत पहिला उठत होता! क्वार्टरबॅकच्या कपड्यांना माती लागली नाही. आम्ही जिंकलो. मग काल घरी, आपल्याच मैदानावर, पुन्हा तेच. चार वेळा क्वार्टरबॅक आडवा, चारही वेळा डावीकडून.

"पोरगा घाबरतो," मिल्ट म्हणाला. "स्वतःच्या लोकांपुढे दडपण येतं. आपण फार आवाज करतो."

"आपण? आपला चेंडू असताना आपण शिंकतसुद्धा नाही," नॉर्बर्ट म्हणाला.

ते खरं आहे. आपला चेंडू असला की आपण गप्प बसायचं, म्हणजे क्वार्टरबॅकची हाक पोरांना नीट ऐकू जाते, आणि त्यांचा चेंडू असला की गळा फाडायचा. तुला लहानपणी मी हेच शिकवलं होतं, आठवतं? पण मिल्टचं समाधान झालं नाही. त्याने मोठ्या पुठ्ठ्यांवर "शांत राहा" असं रंगवलं आणि काल प्रत्येक जिन्यापाशी एकेक जण उभा केला. स्टेडियममध्ये चर्चमध्ये नसते एवढी शांतता. आणि डॅरिल कधी नव्हे इतका उशिरा!

मी विचार करतोय. परक्या मैदानावर हाक कुणालाच ऐकू येत नाही. तिथे पाचही जण चेंडू मागे देणाऱ्या मधल्या सेंटरच्या हाताकडे बघतात, चेंडू हलला की उठतात. घरी कानांवर उठायचं, बाहेर डोळ्यांवर.

आज सकाळी डॅरिल लेम्पीकडे आला. काउंटरवर माझ्या डाव्या हाताचं स्टूल रिकामं होतं, तिथे बसला. मी म्हटलं, "गुडघा कसा आहे आता?" काल तो लंगडताना दिसला होता. त्याने मान डोलावली, हसला आणि म्हणाला, "हो, हो, मस्त होती." पेस्टीबद्दल विचारलं असं वाटलं असणार.

ती मान मी ओळखली. कशी, ते विचारू नकोस.

खिडक्यांच्या दुहेरी काचा बसवून झाल्या. शेजारच्या मिसेस पेल्टोंनी पुन्हा रेडिओच्या आवाजाची तक्रार केली, बाईंना झोपेचा फारच सोस आहे. तुझ्या हॉस्पिटलाने काय ठरवलं? कुणी बाई मिळाली का?

तुझा,
बाबा


पाइन इनलेट
९ नोव्हेंबर १९८६

प्रिय मरीटा,

बाई मिळाली नाही आणि तीस तारखेपर्यंत सोय झाली नाही तर नोकरी सोडणार आहेस, हे तुझ्या पत्रातून कळलं. ते पत्र मी खिशात घालून काल सामन्याला गेलो. आता जे लिहितोय ते सावकाश वाच.

आधी डॅरिलचं. हे तुझ्यापाशीच राहू दे. परवा तो लेम्पीकडे आला तेव्हा मी उठून त्याच्या डावीकडे जाऊन बसलो आणि हळूच म्हटलं, "उजवा ना?"

त्याने घास खाली ठेवला. "काय उजवा?"

"कान."

त्याने बशी बाजूला सारली आणि तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "उन्हाळ्यात ताप आला होता. त्यानंतर गेला. कुणाला सांगू नका, मिस्टर कांगस. जागा जाईल माझी, शिष्यवृत्तीसुद्धा."

डावीकडच्या टॅकलला क्वार्टरबॅक उजव्या हाताला येतो, मरीटा. म्हणजे हाक नेमकी मेलेल्या कानावर.

"प्रशिक्षकाला सांग," मी म्हटलं. "उजव्या टोकाला उभा करतील तुला. चांगला कान आत येईल."

"किंवा घरी पाठवतील." मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला कसं कळलं? डॉक्टर सोडून कुणाला माहीत नाही."

"मीही तशीच मान डोलावतो," मी म्हटलं.

"आणि तुम्ही कुणाला सांगितलंत?"

मी कॉफीचे पैसे ठेवले आणि बाहेर पडलो. 

कालचा सामना घरचा, या वर्षातला शेवटचा. बर्फ भुरभुरत होतं. मिल्टचे पुठ्ठे जागोजाग. पहिल्या अर्ध्यात डॅरिलच्या बाजूने तीनदा क्वार्टरबॅक पडला, आणि प्रशिक्षक एका नव्या पोराला कडेला पळवून गरम करायला लागला. मला कळलं, अजून एकदा चुकला की डॅरिल बाहेर. आपला चेंडू. सगळीकडे सामसूम. मी उठलो आणि ओरडायला लागलो.

शब्द काही नव्हते. नुसतं ओरडणं, जसं त्यांचा चेंडू असताना ओरडतो तसं. सहा रांगांनी माना वळवल्या. मिल्ट खालून पुठ्ठा नाचवायला लागला. नॉर्बर्टने माझी बाही ओढली. त्याचा चेहरा जवळ होता म्हणून ओठ दिसले. "रायनो, चेंडू आपला आहे! बहिरा झालास का रे?"

"हो," मी म्हटलं.

"काय हो?"

"बहिरा झालोय. उजवा पूर्ण गेला, डावा जायच्या वाटेवर आहे. गिरणीतल्या मशीनने खाल्ले. आणि तुझ्या मिशांमुळे दोन महिने तुझे निम्मे शब्द मला कळलेले नाहीत."

नॉर्बर्ट खाली बसला. वाटलं, रागावला. मग त्याने मैदानाकडे बघितलं, डॅरिलकडे, पुन्हा माझ्याकडे. तो हुशार आहे, तोंडावरून वाटत नाही इतकंच. डॅरिलचं नाव मी उच्चारलंही नव्हतं. त्याने मला काही विचारलं नाही. उठला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि बोंब ठोकली. त्याची बोंब गिरणीच्या भोंग्यापेक्षा मोठी, हे सगळं गाव जाणतं. आमची रांग उठली. मागची उठली. का ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण हरणाऱ्या संघाच्या माणसांना ओरडायला कारण लागत नाही. क्वार्टरबॅकने हाका मारून बघितल्या, मग हात वर करून पोरांना खूण केली: चेंडूकडे बघा.

त्यानंतर डॅरिलच्या बाजूने एक माणूस आत आला नाही. नवा पोरगा कडेला पळून पळून दमला. आम्ही तीन गुणांनी हरलो. मिल्ट माझ्याशी बोलत नाही. रेडिओवाला म्हणाला म्हणे, पाइन इनलेटचे लोक कामातून गेले. ते मला नॉर्बर्टने कागदावर लिहून दाखवलं.

डॅरिलने अजून प्रशिक्षकाला सांगितलंय की नाही, मला माहीत नाही. त्याला पुन्हा सांगायला जायचं तर आधी मला तुला सांगायला हवं.

तुझे फोन मी टाळत नव्हतो. फोन वाजतो ते मला कळत नाही. आई होती तोवर तिने माझे कान सांभाळले. टेबलाखालून पायाने खूण करायची, आणि तुम्ही म्हणायचात, बाबा कसे शांत बसतात. ती गेल्यावर मी शहाण्यासारखं डॉक्टरकडे जायला हवं होतं. त्याऐवजी मी मान डोलवायला शिकलो.

आणि सीझनच्या तिकिटाचं कारण खोटं होतं. तू रात्रपाळीला जाणार, मी पलीकडच्या खोलीत झोपणार, एल्सा रडणार, रडून रडून निळी पडणार, आणि मी सकाळी ताजातवाना उठणार. गेल्या ऑगस्टपासून मी हे चित्र रोज बघतोय. लेकीला म्हातारा बाप फुटबॉलवेडा वाटला तरी चालेल, पण बहिरा वाटायला नको, असं मी ठरवलं. त्यात तुझी नोकरी जाईल हे मला दिसत होतं. तरी ठरवलं.

मंगळवारी मार्केट शहरातल्या कानाच्या डॉक्टरकडे जातोय. नॉर्बर्ट गाडीने नेणार आहे. यंत्र लावलं तर डाव्या कानाचं थोडं निभेल म्हणतात, पण झोपताना ते काढावं लागतं. म्हणून रात्री मी एकट्याने एल्साला सांभाळू शकणार नाही, आणि तसं वचन मी देणार नाही. मात्र दिवसा सांभाळू शकतो, डोळ्यांसमोर ठेवून. तू रात्रपाळीऐवजी दिवसपाळी मागू शकतेस का? की रात्री मी झोपायचंच नाही, दिवा लावून तिच्याशेजारी खुर्चीत बसायचं? मला झोप तशीही कमी आहे. यातलं काय धोक्याचं आणि काय नाही, ते नर्स म्हणून तू ठरव. मुलगी म्हणून दया करून ठरवू नकोस. नाही म्हणालीस तर मला वाईट वाटेल, पण ते योग्य असेल.

हो म्हणालीस तर दर गुरुवारी डुलुथची बस असते. मी आल्यावर माझ्या समोर उभी राहून बोल, आणि मी नुसती मान डोलावली तर मला पकड. सोडू नकोस.

आपल्याला ऐकू येत नाही हे तुला सांगायला ज्याने इतका उशीर केला,
तो तुझा बाबा
रायनो