फाट्यावर दोनदा ब्रेक

माय, आज गाडीचा मागचा डावा दिवा बदलला. शेजारच्या म्हशीनं शिंग मारलं आणि लाल काच फुटली. दुकानदार म्हणाला, नुसती काच मिळत नाही, अख्खा दिवाच घ्या. घेतला, आणि अंगणात मीच बसवला. डिकी उघडायची, स्क्रू काढायचे, दिवा हलक्या हातानं ओढायचा आणि बल्बचा होल्डर फिरवून बाहेर घ्यायचा. त्याच्या पत्र्यावर हिरवट गंज चढतो, तो पॉलिशपेपरनं घासला नाही तर नवा बल्बसुद्धा लुकलुकतो. बल्बच्या बुडाची टोकं वरखाली असतात, उलटा घातला की बसत नाही आणि जोर लावला की फुटतो. मी जोर लावणारीच. पहिला बल्ब असाच फोडला होता, तेव्हा तू ओट्यावर शेंगा फोडत बसली होतीस. म्हणालीस, त्याच्याशी भांडू नको, फिरवून बघ. मला तेव्हा तुझा असा राग आला होता! जिनं आयुष्यात स्टेअरिंगला हात लावला नाही, ती मला शिकवणार.

गाडी घेतली तेव्हा अख्ख्या गल्लीत तूच एकटी गप्प होतीस. जुनीच, लहानशी, पण डोंगरकडा गावच्या दवाखान्यात रात्रपाळीला जायला आता कुणाच्या मोटारसायकलवर मागं बसायचं नव्हतं, म्हणून मी हवेत होते. तुझा जीव मात्र फाट्यावर अडकला होता. आपला गावरस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथं दिवेलागणीला उसाच्या ट्रॉल्या येतात, त्यांना मागं दिवा नाही की चमकपट्टी नाही, आणि मी घरातून निघायची तीच मुळी उशिरा. हळू जा, हळू जा, हे तू इतक्यांदा म्हणायचीस की मी मुद्दाम जोरात गाडी काढायची. एकदा तर तू दारातून बोलत होतीस आणि मी काच वर केली. तुझे ओठ हलताना दिसत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तू वेगळंच काढलंस. स्वयंपाकघरात पिठल्याला ढवळता ढवळता, माझ्याकडं न बघता म्हणालीस, "एवढं एक कर. फाट्यावर गाडी थांबव अन् दोनदा ब्रेक दाब. मी गच्चीवरून लाल दिवा बघते. दोनदा दिसला की मला कळतं, पोरगी रस्त्याला लागली. मग मी जेवते." आता यात नाही काय म्हणायचं? म्हातारी उपाशी उभी राहणार म्हटल्यावर कुणीही थांबेल. मीही थांबायला लागले. फाट्यावर गाडी पुरती उभी करायची, दोनदा ब्रेक दाबायचा, इकडंतिकडं बघायचं आणि मग वळायचं. सकाळी घरी आले की चहा देताना तू न चुकता सांगायचीस, दिसलं बरं का दोनदा. मला बरं वाटायचं. आपल्यामुळं माय वेळेवर जेवते, म्हणून आतल्या आत मोठेपणाही वाटायचा.

मग एकदा मिस्त्रीनं सांगितलं, ताई, तुमचा ब्रेकलाइट लागतच नाही, पायडलजवळचं स्विच कधीचं गेलंय. मी तशीच घरी आले आणि तोंडाचा पट्टा सोडला. दिवा लागतच नव्हता तर तुला दोनदा कसा काय दिसत होता? तू पदरानं हात पुसलेस आणि म्हणालीस, डोळे म्हातारे झाले असतील. त्यावर मी तुला हट्टानं हिंगोलीला नेऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, आजींना सुईत दोरा ओवता येईल अशी नजर आहे. मी स्विच बदललं, ब्रेक दाबून बघितला आणि विषय तिथंच सोडून दिला. आता लिहिताना हसू येतंय.

आज दिवा बसवून झाला आणि वाटलं, तू जे बघायचीस ते आपण एकदा तरी बघावं. गच्चीवर मी शंभरदा गेले असेन, पण त्या वेळेला नाही. त्या वेळेला मी नेहमी गाडीत. धाकट्या भावाला म्हटलं, जा फाट्यापर्यंत आणि दोनदा ब्रेक दाब, मी वरून बघते. दिवस नुकताच मावळला होता. दोन्ही दिवे शाळेवरून पुढं गेले, नवा जरा जास्त लाल. मग रस्ता ओढ्यात उतरला आणि दिवे गेले. आता वर येतील म्हणून मी कठड्याला धरून बघत राहिले. ओढ्याच्या पलीकडं चढ आणि चढाच्या पाठीमागं फाटा. तिथलं काहीच दिसत नाही, माय. टाचा उंचावल्या, तरी नाही.

तुझी सोबतीण, शेजारची खाला, तिच्या गच्चीवर वाळवणाच्या मिरच्या गोळा करत होती. मी काय बघते ते तिला बराबर कळलं.

"इथून फाटा कधीच दिसत न्हाई, बाई. तुझी माय म्हणायची, पोरगीला हळू जा म्हणलं की जास्तीच दामटती. सोताच्या जीवासाठी ती थांबायची न्हाई. माझ्या जेवणासाठी थांबंल."

मी विचारलं, मग ती इथं उभी तरी काहून राहायची? खाला म्हणाली, उभी तर राहायचीच. पार अंधार पडंपर्यंत.

खाली धाकटा गाडी लावून हाका मारत होता. मी तशीच उभी. तू आत्ता इथं असतीस तर तुझ्याशी कडाकडा भांडले असते, आणि भांडून झाल्यावर तुझ्या मांडीवर डोकं ठेवलं असतं. कितीतरी वर्षांत मला कुणी असं फसवलेलं नाही, माय. दवाखान्यात सगळे मला मॅडम म्हणतात, माझंच ऐकतात, आणि हळू जा म्हणणारं आता कुणी राहिलं नाही.

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून एक लिहून टाकते. खालाला मी म्हटलं, मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. काही ठाऊक नव्हतं. मी आजपर्यंत हेच समजत होते की तुझी काळजी मी घेत होते.