घड्याळाची चावी

दादा,

बाबा मंगळवारी गेले. हे पत्र मी टाकणार नाही, म्हणूनच एवढं सरळ लिहिते आहे.

नौदलाच्या कचेरीतले साहेब म्हणाले, "ताई, पाणबुडीवर वाईट बातमी पाठवत नाही आम्ही. ऐकून तो जाणार कुठे?" मी तिथेच भांडले. बाबाही पाणबुडीवरच होते. आजी गेल्याचं त्यांना बंदरात उतरल्यावर कळलं. म्हणून तर तुम्हा दोघांची ती खूण ठरली होती: घरच्या प्रत्येक निरोपात "बाबा घड्याळाला चावी देतात" हे वाक्य हवंच. ते नसलं, की तू काय ते समजायचंस.

मी ते वाक्य गाळूनच निरोप लिहिला. साहेबांना पत्ताही लागला नसता. पण कागद पुढे सरकवताना एकदम तू डोळ्यांसमोर आलास, कानांवर हेडफोन चढवून, वरून तुम्हाला हुडकत फिरणाऱ्या जहाजाचा आवाज टिपत बसलेला. बाकी सगळे श्वास रोखून तुझ्या तोंडाकडे बघत असणार.

मी कागद मागे ओढला आणि ते वाक्य घातलं.

घरी आलास की हवं तेवढं भांड, जन्मभर बोलू नकोस माझ्याशी. घड्याळाला चावी मी देते आहे. तू आधी वर ये.

तुझी खोटारडी,
धाकटी