शेवटचे आठ तास

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

चोवीस तासांची शर्यत जिंकलेली आपली निळी गाडी सापडली. कुणाच्या तरी गोदामात होती, सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. आता दुरुस्त करून संग्रहालयात ठेवली आहे. फीत मी कापली. तू आला नाहीस. तुझा गुडघा नेमका अशाच वेळी दुखतो. निदान पोरीला घेऊन एकदा बघून ये. तुझी वहिनी फार आठवण काढते.

तुझा, दादा

१९ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

रविवारी पोरीला घेऊन गेलो. गाडी झकास ठेवली आहे. शेजारच्या पाटीवर लिहिलंय, की शेवटचे आठ तास भर पावसात तू एकट्याने चालवली. माझं नाव खाली, गाडीची निगा राखणारा म्हणून.

दादा, तू तापाने फणफणला होतास. सकाळी सहापासून एकपर्यंत मी चालवली. वायपर तुटलेला, खिडकीतून डोकं बाहेर काढून. शेवटच्या तासाला तू म्हणालास, आता मला दे, लोकांना मी दिसायला हवा. दिली. पेपरात तुझं एकट्याचं नाव आलं तेव्हा म्हणालास, पुढच्या आठवड्यात सांगतो. त्याला एकेचाळीस वर्षं झाली.

तेही मी गिळलं असतं. पण पोरगी ही गोष्ट ऐकत मोठी झाली. तिने पाटी दोनदा वाचली आणि माझा हात धरला, भ्रमिष्टाचा धरावा तसा. घरी येताना म्हणाली, की बाबा, गाडीची निगा राखणं हेही काही कमी नसतं.

लोभ पुष्कळ झाला. आता पोरीला खरं सांग, एवढीच विनंती.

धाकटा

८ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद, चालत असतील तर.

तू बाजारात गेलेला बघून परवा तुझ्या घरी गेलो. पोरीला समोर बसवून सगळं सांगितलं. ताप, वायपर, सात तास, माझा खोटेपणा. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, काका, भावासाठी एवढा मोठेपणा कोण सोडतं? मी शपथ घेतली, चिडलो. जितकं बोललो तितका तिच्या नजरेत मोठा होत गेलो. शेवटी चहा ओतत म्हणाली, तुम्ही काळजी करू नका, मला पटलं असंच मी बाबांना सांगेन.

तसं तिने एव्हाना सांगितलंही असेल. तिला पटलेलं नाही. निदान हे तरी तुला माझ्या तोंडून खरं कळावं, म्हणून लिहिलं.

दादा