बाबांना वाचून न दाखवलेलं पान

४ जाने., रविवार
स्वतःची चिप स्वतः बनवायला निघालेली मोबाइल कंपनी धाडसी म्हणायची की हट्टी? मला उत्तर येत नाही. दोन आठवडे हेच वाचतेय. आमच्या शेअर ब्रोकरच्या ऑफिसातल्या माझ्या बॉस, भाटिया मॅडमना शुक्रवारी नोट हवी: ग्राहकांनी शेअर घ्यावा की नाही. माझ्या नावाची पहिलीच नोट.
कंपनी मला आवडायला लागलीय, हीच अडचण. उसनी चिप सोडून स्वतःच्या पायावर. आमच्या घरातल्या पहिल्या ग्रॅज्युएटला हे आवडणारच.

६ जाने., मंगळ.
करोल बाग. मोबाइल दुरुस्तीची सहा दुकानं पालथी घातली. पाचव्या दुकानातला म्हणाला, "मैडम, फोन ठीक कराना है या इंटरव्यू लेना है?" मग स्टूल पुढे केलं, चहाही मागवला. नव्या मॉडेलबद्दल: "फोन बढ़िया है. बस, गरम होता है. अपडेट आया तो ठंडा हुआ, पर सुस्त हो गया."
बाहेरून चिप घेण्याचे करार कंपनीने संपवलेत, हे तिनेच जाहीर केलंय. म्हणजे ही चिप फसली तर मागे फिरायला वाट नाही. धोक्यांचं एक पूर्ण पान झालं. नोटमधलं सगळ्यात खरं पान बहुतेक तेच.

८ जाने., गुरु.
नोट पूर्ण. जेवणाआधी बाबांना वाचून दाखवली, इंग्रजीचं मराठी करत. चौथीतल्या निबंधापासूनची सवय. बाबा इथे दिल्लीत, केंद्राच्या एका मंत्रालयात दफ्तरी. आयुष्यभर फायली वाहिल्या, आत काय लिहिलंय ते कुणी सांगितलं नाही. म्हणून माझं सगळं ऐकायचं असतं. डोळे मिटून. मध्येमध्ये "अच्छा. मग?"
"म्हणजे दुसऱ्याच्या बैलांवर शेती नको म्हणतात," बाबा म्हणाले. इतके खुलले होते की शेवटचं पान, धोक्यांचं, मी वाचलंच नाही. आई म्हणाली पोळ्या गार होतायत. तेवढं निमित्त पुरलं.

९ जाने.
नोट परत. भाटिया मॅडम: "रिस्क आखिर में क्यों? पहले पन्ने पर लाओ. तुम्हें इस कंपनी से प्यार हो गया है, यार." कान गरम. बरोबर बोलल्या. छापणं पुढे गेलं.

१४ जाने., संक्रांत
आईच्या तिळाच्या वड्या. बाबांनी माझ्या हातावर वडी ठेवली आणि हळूच म्हणाले, "तुझी कंपनी घेतली."
ऑफिसातल्या शिंदेकाकांनी खातं उघडून दिलं म्हणे. पैसे डिपॉझिटचे. जूनमध्ये बाबा रिटायर होणार, सरकारी क्वार्टर सोडायचं, दिल्लीतल्याच द्वारकेत फ्लॅट भाड्याने घ्यायचा, त्यासाठी ठेवलेले.
"तू लिहिलंस म्हणून. दुसऱ्या कुणाचं ऐकतो का मी?"
आई: "मला विचारलंत? मी काय भिंत आहे?"
वडी तोंडात तशीच.

१५ जाने.
नोकरीला लागताना सही केलेले कागद काढून वाचले. छापण्याआधी नोट बाहेर दाखवायची नाही. ज्या कंपनीवर लिहितोय तिचे शेअर घरच्यांनी घ्यायचे नाहीत. दोन्ही नियम पाठ होते. पण बाबा म्हणजे बाहेर, हे डोक्यातच आलं नाही.
त्यांनी आपणहून सांगितलं नसतं तर...

१७ जाने., शनि.
बाबा गॅलरीत शेंगा सोलत होते. शेजारी बसून सांगितलं. एक पान वाचलं नव्हतं. ऑफिसात सांगावं लागणार. नोकरीचं काय होईल माहीत नाही.
"मग आता वाच ते पान."
"आता नाही वाचता येत, बाबा. तेव्हाही वाचायला नको होतं."
"वाईट होतं का काही?"
"तेही नाही सांगता येत."
बाबांनी आणखी मूठभर शेंगा पुढे ओढल्या. मग, "बिल्कुल नको सांगू." आणि थोड्या वेळाने, "शेअर विकून टाकू?"
"ऑफिसला विचारल्याशिवाय विकायचेही नाहीत."
"बरं. मी येऊ का तुझ्या मॅडमकडे? सांगतो, पोरीनं बापाला वाचून दाखवलं, एवढंच."
दाणे माझ्या ओंजळीत ओतले. एकही स्वतः खाल्ला नाही.

१९ जाने., सोम.
चिपचं उत्तर अजून आलेलं नाही. धाडसी की हट्टी, दोन-तीन वर्षांनी कळेल. डिपॉझिटचंही तेव्हाच, किंवा जूनमध्ये.
मॅडमना मेल लिहिला. नोट घरी वाचली, बाबांनी शेअर घेतले, चूक माझी. बाबा ऑफिसला निघाले होते, डबा हातात. थांबवलं. मराठी करत वाचून दाखवला, शेवटच्या ओळीपर्यंत. या वेळी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघत ऐकलं.
"अच्छा," म्हणाले. "मग?"
मग त्यांच्यासमोरच पाठवला.